श्रोत्याच्या प्रश्नाला उत्तर कुणी द्यायचं?

मंडळी, सार्वजनिक रेडिओवरच्या लोकसहभागाची गोष्ट पुण्यात करायची तर सुरुवात १९५६ पासूनच व्हायला हवी. आकाशवाणीचं पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं. त्याला तीन वर्षंही झाली नव्हती, तोच युनेस्कोच्या मदतीनं पाच जिल्ह्यांतल्या १५० गावांत ग्रामीण रेडिओ मंचांचा प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा, अर्ध्या अर्ध्या तासाचे, एकूण वीस कार्यक्रम. गावात वीसेक जण एकत्र बसून ऐकत, रेडिओ बंद झाला की त्यावर बोलत आणि अडलेले प्रश्न केंद्राला लिहून कळवत. त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमांतून मिळत. समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूरथ यांनी या प्रयोगाचं मूल्यमापन केलं. मंच होते त्या गावांत लोकांची माहिती चांगलीच वाढली. नुसता रेडिओ होता तिथं फारसा फरक पडला नाही. माझ्या मते फरक पडला तो त्या परत येणाऱ्या उत्तरामुळे.

आता आजचा फोन-इन, म्हणजे श्रोते फोन करून बोलतात तो कार्यक्रम, पाहू. आलेला फोन थेट हवेत जात नाही. आधी एक सहायक नाव, गाव आणि प्रश्न लिहून घेतो आणि घरातला रेडिओ बंद करायला सांगतो. हे सांगणं फार महत्त्वाचं. थेट कार्यक्रम साधारण सात सेकंद उशिरानं हवेत सोडण्याची सोय असते. शिवी किंवा बदनामीकारक वाक्य आलं तर तेवढ्यात बटण दाबून ते गाळता येतं. पण रेडिओ चालू राहिला तर बोलणाऱ्याला स्वतःचाच आवाज सात सेकंदांनी ऐकू येतो आणि तो अडखळतो. म्हणून त्याला फोनवरूनच कार्यक्रम ऐकवतात, त्याचा स्वतःचा आवाज वगळून. ही जोडणी चुकली की घुमतं. आणखी एक: एकदा बटण दाबलं की राखून ठेवलेले सेकंद संपतात. यंत्र आवाज किंचित लांबवत ते पुन्हा साठवतं. तोवर पुढचा फोन घेऊ नये, गाणं लावावं.

आता नियम. आकाशवाणीच्या संहितेत राजकीय पक्षाचं नाव घेऊन हल्ला, धर्मावर किंवा समुदायावर हल्ला, न्यायालयाचा अवमान हे सगळं वर्ज्य आहे. नळाला पाणी येत नाही, हे सांगायला मात्र कुठंही बंदी नाही. निवेदकानं विचारावं: कुठला भाग, किती दिवसांपासून, तक्रार कधी दिली? त्यामुळे आरोपाचं रूपांतर माहितीत होतं आणि संहिताही पाळली जाते. संहितेच्या धाकानं असे फोन टाळणारे निवेदक श्रोत्यावर अन्याय करतात, हे मला स्पष्ट सांगायचं आहे.

रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये सांगितलं. त्याआधीच, १९९० च्या प्रसारभारती कायद्यात, कलम १२ नं नागरिकाचा मोकळी, सत्य आणि वस्तुनिष्ठ माहिती मिळवण्याचा हक्क जपायला सांगितलं होतं. कलम १४ आणि १५ मध्ये तर श्रोत्यांच्या तक्रारी ऐकणाऱ्या प्रसारण परिषदेची तरतूद आहे. अन्यायकारक वागणूक, खासगीपणावर आक्रमण, विपर्यास, सगळं त्यात येतं. अशी परिषद प्रत्यक्ष काम करत असती, तर १९५६ च्या त्या उत्तराला कायद्याचं बळ मिळालं असतं. ती कागदावरच राहिली, ही मोठी उणीव आहे.

पुणे विद्यापीठाच्या विद्यावाणीसारख्या सामुदायिक रेडिओ केंद्रांची चौकट वेगळी: २००६ च्या धोरणानं किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक सहभागातून आणि साधारणपणे १०० वॅटपर्यंतची प्रक्षेपणशक्ती असं ठरवलं. प्रक्षेपित कार्यक्रम त्यांना तीन महिने जपून ठेवावे लागतात.

म्हणून तक्रार करायची तर त्या मुदतीत, लेखी करा. केंद्राचं नाव, तारीख, ऐकल्याची वेळ, कार्यक्रम आणि खटकलेले नेमके शब्द लिहा. 'तुमचा कार्यक्रम एकतर्फी होता' एवढंच लिहिलं तर ध्वनिमुद्रणात काय शोधायचं ते कुणालाच कळत नाही. पत्राची पोच घ्या. आकाशवाणीकडून उत्तर आलं नाही, तर तक्रारीवर काय कार्यवाही झाली हे माहिती अधिकारात विचारता येतं. त्याचं उत्तर द्यायला ३० दिवसांची मुदत आहे.