‘रेन’ या नामाचे सोबती

श्रोतेहो, नमस्कार. इंग्रजी शिकताना आपण नामांचे अर्थ पाठ करतो. पण एखादे नाम वाक्यात येताना कोणते विशेषण आणि कोणते क्रियापद बरोबर घेऊन येते, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. भाषाशास्त्रज्ञ जे. आर. फर्थ यांनी १९५७ मध्ये लिहिले होते की शब्दाची ओळख त्याच्या संगतीवरून पटते. अशा संगतीला इंग्रजीत ‘कोलोकेशन’ म्हणतात. आज ‘रेन’, म्हणजे पाऊस, हे साधे नाम घेऊ.

मराठीत पावसाला जोर असतो, म्हणून अनेकांच्या तोंडी सहज ‘स्ट्राँग रेन’ येते. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात काही वावगे नाही. तरीही इंग्रजी कानाला ते खटकते, कारण तिथे ‘स्ट्राँग’ वाऱ्याच्या वाट्याला गेले आहे आणि पावसाला, तसेच हिमवर्षावाला, ‘हेवी’ मिळाले आहे. या ‘हेवी’चा वजनाशी संबंध नाही, प्रमाण मोठे आहे एवढेच ते सांगते, आणि म्हणूनच ‘हेवी ट्रॅफिक’ही चालते. अमेरिकन हवामानशास्त्र संस्थेच्या परिभाषेत तर तासाला ७.६ मिलिमीटरहून अधिक पडणारा पाऊसच ‘हेवी’ ठरतो. हलका पाऊस मात्र ‘लाइट’, कधीही ‘स्मॉल’ नव्हे. वाऱ्याने तिरपा होऊन अंगावर आदळतो तो ‘ड्रायव्हिंग रेन’ आणि धो धो कोसळतो तो ‘टॉरेन्शियल रेन’. हे ‘टॉरेन्शियल’ पावसाला सोडून फारसे कुठे जात नाही, तेव्हा ते सुटे पाठ करण्याचे श्रम वायाच जातात.

क्रियापदांत खरी फसगत होते. पाऊस पडत असताना आपण ‘रेन इज कमिंग’ म्हणालो, तर ऐकणारा समजतो की तो अजून यायचा आहे. पडत असलेल्या पावसासाठी ‘इट्स रेनिंग’ आणि जोराच्या पावसासाठी ‘इट्स पोअरिंग’ म्हणावे. (मांजरे आणि कुत्री पडण्याचा तो प्रसिद्ध वाक्प्रचार पाठ्यपुस्तकांना जितका प्रिय आहे, तितका रोजच्या बोलण्यात ऐकू येत नाही.) पावसाचा जोर ओसरला, तर ‘द रेन इज ईझिंग ऑफ’ आणि थांबला, तर ‘द रेन हॅज स्टॉप्ड’.

शब्दयोगी अव्ययाचेही तसेच आहे: पावसात चालणे ‘इन द रेन’ असते, ‘अंडर द रेन’ नव्हे, आणि वाटेत पावसाने गाठले तर माणूस ‘कॉट इन द रेन’ होतो.