डबीवरची एक ओळ

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या आठवड्यात एक बाई तपासणीला आल्या. दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेलं, कर्करोग परत येऊ नये म्हणून टॅमॉक्सिफेन ही गोळी चालू. निघताना त्यांनी पर्समधून एक छोटी डबी काढून टेबलावर ठेवली. ‘मेलाटोनिन, 5 मिलिग्रॅम.’ म्हणाल्या, "डॉक्टर, ह्यानं कॅन्सर होतो म्हणतात. मी तर रोज रात्री घेते." हे त्यांनी घरीसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं.

मेलाटोनिन म्हणजे झोपेची वेळ झाल्याचा इशारा देणारं संप्रेरक; लोक त्याची गोळी झोपेसाठी घेतात. ते आपल्या शरीरातही रोज तयार होतं. मेंदूत खोलवर तांदळाच्या दाण्याएवढी पीनियल ग्रंथी असते. अंधार पडला की ती मेलाटोनिन सोडते, डोळ्यांवर उजेड आला की हात आखडता घेते. 1958 साली येल विद्यापीठातल्या एरन लर्नर यांनी ते गुरांच्या पीनियल ग्रंथींमधून वेगळं काढलं.

आता त्यांचा प्रश्न. मेलाटोनिनमुळे माणसाला कर्करोग होतो, असं अजून सिद्ध झालेलं नाही. उलट प्रयोगशाळेत त्यानं स्तनाच्या कर्करोगाच्या पेशींची वाढ मंदावलेली दिसली आहे. पण काचेच्या बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे. उंदरांच्या एका जातीत तर मेलाटोनिन दिल्यावर गाठी वाढल्याचीही नोंद आहे. आणि वर्षानुवर्षं रोज गोळी घेणाऱ्या माणसांवरचे अभ्यास फार थोडे आहेत. म्हणून "अगदी निर्धोक आहे, घ्या बिनधास्त" असंही मी त्यांना म्हटलं नाही.

मला खरी काळजी वाटते ती डबीत काय भरलंय याची. 2017 साली कॅनडात मेलाटोनिनची 31 उत्पादनं तपासली गेली. कुठे लेबलपेक्षा 83 टक्के कमी, तर एका चघळायच्या गोळीत 478 टक्के जास्त! दीड मिलिग्रॅम लिहिलेलं आणि आत जवळजवळ नऊ. आठ उत्पादनांत तर सेरोटोनिन हे मेंदूवर परिणाम करणारं वेगळंच रसायन सापडलं, ज्याचा लेबलवर उल्लेखच नव्हता. नैराश्याच्या काही औषधांबरोबर ते पोटात गेलं तर धोका होऊ शकतो.

झोपेसाठी विकल्या जाणाऱ्या काही मिश्रणांत ‘कावा’ नावाच्या वनस्पतीचा अर्कही असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तो ‘कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या’ गटात टाकला आहे. वनस्पतीजन्य हा शब्द वाचून निर्धास्त होऊ नका, डबी उलटून घटकांची यादी वाचा.

बाईंना मी विचारलं, झोप का लागत नाही? म्हणाल्या, "मध्यरात्री अंगातून गरम वाफा येतात, घामानं उशी भिजते, मग सकाळपर्यंत डोळा लागत नाही." हा तर टॅमॉक्सिफेनचा ओळखीचा त्रास, आणि त्यावर उपाय आहेत. दोन वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. मीही नाही, याचं मला वाईट वाटलं. डबीवरचं नाव आणि मात्रा केसपेपरवर लिहून घेतली, आणि मग आम्ही त्या घामाबद्दल बोलायला बसलो.