जुनी तुळई, नवा पाट

(टिंबर मार्केट, सकाळ. टेम्पोतून उतरणाऱ्या तुळया.)

कोल्हापूरचं टिंबर मार्केट. नवशिका इथं आला की नव्या सागवानाचा भाव विचारतो आणि गुमान प्लायवूडच्या दुकानात शिरतो. आपण जायचं मागच्या बाजूला, जुन्या मालाकडं. पाडलेल्या वाड्यांचे खांब, चौकटी, तुळया. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत जुनी घरं पडली, काही त्याआधीच बिल्डरकडं गेली होती.

कॉलेजात शिकणाऱ्या या पोरीला पाट करायचाय. हो, पाटच. पहिल्याच फटक्यात डायनिंग टेबल करणाऱ्यांसाठी हा व्हिडिओ नाही.

सोबतच्या मेस्त्रींची हयात उद्यमनगरच्या कारखान्यांत गेली, फाउंड्रीचे लाकडी पॅटर्न करण्यात. पॅटर्न म्हणजे लाकडी नमुना; वाळूत त्याचा ठसा घेऊन त्यात धातू ओततात. पॅटर्न वाकला की ओतलेला माल वाया. म्हणून तिथं सागवान. हवा बदलली तरी ते फारसं हलत नाही.

(मेस्त्रींचे हात, जवळून.)

आधी तुळईचं टोक बघतात. कडेची फिकट पट्टी किड्यांनी पोखरलीय, आतला तपकिरी गाभा ठणठणीत. पटाशीनं एक ढलपी काढून नाकाशी. चपलांच्या दुकानात शिरल्यासारखा वास आला, म्हणजे साग.

भाव घनफुटावर. लांबी फुटात, रुंदी-जाडी इंचात, गुणाकाराला १४४ नं भागायचं. ६ फूट लांब, ८ इंच रुंद, दीड इंच जाड फळी म्हणजे अर्धा घनफूट. घासाघीस मात्र वखारवाल्यांनी शूट करू दिली नाही.

चिरायच्या आधी लोहचुंबक फिरवायचं. हा बघा, चुन्याखाली दडलेला खिळा. तो राहिला असता तर करवतीचे दात गेले असते.

ओल्या फळीला इंचभर जाडीमागं साधारण वर्षभर सावलीत ठेवायचा जुना हिशेब आहे. ही तुळई कित्येक वर्षं छपराखाली वाळलीय. तरी चिरल्यावर आतला ताण सुटतो, फळी पीळ धरते. म्हणून मध्ये पट्ट्या घालून थप्पी, काही आठवडे.

"घाई करू नगंस पोरी. लाकडाला आदी घराची सवय हुंदे."

(रंधा. आवाज तसाच ठेवा.)

आधी एक रुंद बाजू. फळीच्या दोन्ही टोकांना दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून डोळा लावला की पीळ दिसतो. उजवा कोपरा वर आहे. पहिला रंधा तिथं. मग गुण्या लावून एक कड काटकोनात. त्यानंतर जाडी, मग रुंदी, लांबी सगळ्यात शेवटी. रंधा अडखळून तंतू उपटायला लागला की फळी उलटी फिरवायची; जोर लावून उपयोग नाही.

हे बघा, आता ढलपी सलग येतेय.

पॉलिशवर अजून एकमत नाही. तिला चकचकीत पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश हवंय, मेस्त्री जवसाच्या तेलावर अडून बसलेत. आम्ही मेस्त्रींच्या बाजूचे.