मोंढ्यातला संगणक

(दृश्य: लातूरचा मोंढा. सौद्याचा गलका.)

तुरीच्या पोत्यात हात घालायचा, मूठभर दाणे तळहातावर घ्यायचे, एखादा दाताखाली धरायचा. मोंढ्यात मालाची पारख अशी होते. आता समजा, इथल्याच एका आडत दुकानाच्या हिशेबात घोळ निघाला आणि पोलिसांनी दुकानातला संगणक उचलला. त्यात फायली लाखांच्या घरात. मूठभर बघून इथं भागत नाही.

(दृश्य: तारा जोडलेली हार्ड डिस्क.)

आधी डिस्कची हुबेहूब प्रत काढतात. मग प्रत्येक फाईल पहिल्या बाइटपासून शेवटच्या बाइटपर्यंत एका गणिती सूत्रातून जाते आणि तिचा हॅश, म्हणजे बोटाच्या ठशासारखी ओळखखूण, निघतो. एसएचए-२५६ पद्धतीनं काढला तर ६४ अक्षर-अंकांचा. फाईलचं नाव बदला, हॅश तोच. आत एक स्वल्पविराम वाढवा, सगळाच वेगळा. रिकाम्या फाईलचा एमडी५ या दुसऱ्या, जुन्या पद्धतीचा हॅश लातुरात काढा नाहीतर अमेरिकेत, तो 'डी४१डी८'नंच सुरू होणार.

अमेरिकेचं नाव उगाच घेतलं नाही. मेरीलँड राज्यातली 'निस्ट' ही सरकारी संस्था सॉफ्टवेअरच्या मूळ प्रती जमवते आणि त्यांतल्या फायलींच्या हॅशची यादी फुकट देते. तिच्याशी जुळवणी केली की विंडोजच्या, ऑफिसच्या फायली न उघडताच बाजूला पडतात. मात्र ही ओळखीची यादी आहे, चारित्र्याचा दाखला नव्हे. हॅकिंगची हत्यारंही तिच्यात नोंदलेली आहेत.

भारतीय साक्ष अधिनियम १ जुलै २०२४ पासून लागू झाला. डिजिटल पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात आता हॅश लिहावा लागतो. त्या नमुन्यात एमडी५लाही रकाना आहे. वेगळ्या मजकुरांचा एकच एमडी५ काढता येतो हे २००४ मध्येच दाखवलं गेलं होतं, तरीही!

(दृश्य: दुकानातली हिशेबपट्टी, प्रिंटरचा आवाज.)

खरी मेहनत उरलेल्या ढिगाची. हमाली, तोलाई, आडत कापून मराठीत पट्टी छापणारं सॉफ्टवेअर गावातल्याच एखाद्या पोरानं लिहून दिलेलं असतं. मेरीलँडला त्याचा पत्ता कुठून असणार? ते अनोळखी ठरतं आणि दुसऱ्या, लपवलेल्या हिशेबाशेजारी ढिगातच राहतं. मग तपास करणारे त्या पोराला गाठतात. त्याच्याकडची मूळ प्रत घेतात, हॅश काढतात, स्वतःची यादी करतात. फायली एकामागून एक जुळत जातात. तोलाई मोजणारी एकच जुळत नाही.

"हिच्यात नंतर काही बदल करून दिला होता का?" पहिला प्रश्न त्या पोरालाच.