मठातलं पोर, टीकाकार म्हातारा

हा रत्नागिरीचा थिबा राजवाडा. ब्रह्मदेशाच्या या थिबा राजाची गोष्ट कोकणात घरोघरी ठाऊक आहे. 29 नोव्हेंबर 1885 रोजी इंग्रजांनी त्याला आणि राणी सुपयालतला मंडालेहून आगबोटीवर चढवलं. आगबोटीचं नाव 'थूरिया', म्हणजे सूर्य. मंडालेच्या मठात शिकणाऱ्या नऊ वर्षांच्या एका पोराने ते डोळ्यांनी पाहिलं. तेच पुढे ब्रह्मी कवी थखिन कोडॉ म्हाइंग. 1911 मध्ये रंगूनला निघालेल्या वर्तमानपत्राचं नावही 'थूरिया'च, आणि म्हाइंग त्याच्या संपादकांत होते.

आता म्हाइंगांच्या ब्रह्मी पद्याचं हे छापील पान जवळून पाहा. चार-चार अक्षरांच्या ओळी. आपल्या ओवीत यमक चरणाच्या टोकाला बसतं. इथे पहिल्या ओळीचं चौथं अक्षर, दुसरीचं तिसरं आणि तिसरीचं दुसरं जुळवायचं. यमक जिना उतरावा तसं एकेक पायरी आत सरकतं. एक अक्षर चुकलं की साखळी तुटते. जागा ठरलेली असल्यामुळे ऐकणाऱ्याचा कान आधीच तिथे जाऊन थांबतो, आणि पद्य पाठ होतं.

अशा पद्यांच्या अधेमधे पाली ग्रंथांवरच्या भाष्याच्या थाटाचं गद्य. म्हणून नाव 'टीका', ज्ञानेश्वरी ज्या अर्थाने टीका त्याच अर्थाने. मठात शिकलेल्या गावकऱ्याला हा साचा ओळखीचा. म्हाइंगांनी त्यात राजकारण ओतलं. गोऱ्या साहेबावर 'बो टीका'. 'डौंग टीका' मोराची. मोर हे ब्रह्मी राजसत्तेचं चिन्ह. पदांसाठी भांडणाऱ्या पुढाऱ्यांवर 'ख्वे टीका', म्हणजे कुत्र्याची. आणि 'थखिन टीका'. थखिन म्हणजे धनी. इंग्रजाला लावायचा हा शब्द तरुणांनी स्वतःच्या नावामागे लावला, तेव्हा साठीला आलेले म्हाइंगही 1934 मध्ये थखिन झाले.

4 जानेवारी 1948 रोजी ब्रह्मदेश स्वतंत्र झाला आणि तीन महिन्यांत यादवी पेटली. पंतप्रधान ऊ नू थखिन चळवळीतले, बंडखोर कम्युनिस्टांचे नेते थान टुनही त्याच चळवळीतले. दोघांचा हा वडीलधारा माणूस मात्र एकच मागत राहिला: बसा आणि बोला. 1954 मध्ये त्यांना सोव्हिएत संघाचं शांतता पारितोषिक मिळालं. 1963 ची सरकार आणि बंडखोरांमधली बोलणी फिसकटली, धरपकड झाली. 23 जुलै 1964 रोजी ते गेले.

रंगूनच्या श्वेडगॉन पॅगोड्याच्या पायथ्याशी ही त्यांची समाधी. याच आवारात सुपयालत राणीचीही आहे. थिबाच्या मृत्यूनंतर ती रत्नागिरीहून परतली होती.

23 मार्च 1976, म्हाइंगांची जन्मशताब्दी. विद्यार्थी मोर्चाने या समाधीपर्यंत आले. अनेकांना तुरुंग, एकाला फाशी.