तोब्रुकचा शिपाई

(दृश्य : सिडनी बंदर, जुने कृष्णधवल चित्रण)

ऑक्टोबर १९४०. एकेकाळी श्रीमंतांना अटलांटिकपार नेणारी ‘क्वीन मेरी’ राखाडी रंगात सिडनीहून निघाली आहे. आत खच्चून भरलेत ऑस्ट्रेलियन पायदळाचे शिपाई. कुणी शेतावरचा गडी, कुणी कारकून, कुणी मेंढ्यांची लोकर कातरणारा. सगळे स्वखुशीने भरती झालेले. त्यांतली एक पलटण २/१३. आधीचा ‘२’ एवढ्यासाठी, की पहिल्या महायुद्धातल्या तेराव्या पलटणीशी गल्लत होऊ नये.

जहाज लागलं ते आपल्या मुंबईला. इथे मुक्काम करून, लहान बोटींत बसून ही मंडळी पुढे निघाली आणि नोव्हेंबरअखेर पॅलेस्टाइनमधल्या छावणीत पोचली.

(दृश्य : नकाशा, लिबियाचा किनारा)

एप्रिल १९४१. जर्मन सेनापती रोमेलचं सैन्य लिबियात मुसंडी मारत होतं. ४ तारखेला बेनगाझीजवळ रेजिमाच्या घाटात २/१३ची त्याच्याशी गाठ पडली. या महायुद्धात जर्मनांशी लढलेली ही पहिली ऑस्ट्रेलियन पलटण. अपुरी शस्त्रं, अपुऱ्या गाड्या. लढत लढत सगळे मागे हटले, ते थेट तोब्रुक बंदरापर्यंत. या पळापळीला शिपायांनी नाव ठेवलं ‘बेनगाझी हँडिकॅप’, म्हणजे घोड्यांची शर्यत. रेसच्या नादी लागलेला देश, दुसरं काय सुचणार!

तोब्रुकला वेढा पडला. आत नववी ऑस्ट्रेलियन डिव्हिजन, ब्रिटिश तोफखाना आणि भारतीय सैन्याची १८वी कॅव्हलरीसुद्धा. सेनापती लेस्ली मोर्सहेड यांनी बजावलं : इथून माघार नाही, शरणागती नाही.

ईस्टरच्या रात्री जर्मन रणगाडे घुसले. पायदळाने काय करावं? त्यांना जाऊ द्यावं! ठाण्यातच दबा धरून बसावं आणि मागून येणाऱ्या जर्मन पायदळाला गाठावं. आत शिरलेल्या रणगाड्यांचा समाचार तोफा घेतील. डोक्यावरून रणगाडे जात असताना खड्ड्यात बसून राहायचं, हे सांगायला सोपं आहे. पण डाव साधला आणि रणगाडे आल्या वाटेने परतले.

अशा रात्री इतिहासात जातात. शिपायाच्या वाट्याला मात्र बहुतेक दिवस येत ते निराळेच.

(दृश्य : दगडी खड्डा, वर पांढरं ऊन)

जमीन खडकाळ. काही ठिकाणी गुडघाभरही खणता येत नसे. मग दगड रचून आडोसा करायचा आणि दिवसभर त्यामागे आडवं पडायचं. डोकं वर काढलं की गोळी. माशा, पिसवा, धुळीची वादळं. मोजून मिळणारं पाणी, तेही खारट. त्याच पाण्यात चहा, त्यातच दाढी. जेवण म्हणजे डब्यातलं मांस आणि टणक बिस्किटं. भाजीचं दर्शन नाही, म्हणून ‘क’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या. साधं खरचटलं तरी जखम आठवडेच्या आठवडे चिघळत राही.

अंधार पडला की खरा दिवस सुरू. गरम जेवण येई, तारा दुरुस्त होत आणि गस्त निघे. आवाज होऊ नये म्हणून बुटांवर मोजे चढवून, होकायंत्र आणि पावलांच्या मोजणीवर भिस्त ठेवून, सुरुंगांमधून शत्रूच्या खंदकापर्यंत. कुठे मशिनगन आहे, कुठे नवं खोदकाम चाललंय, ते हेरायचं. जमलं तर एखादा कैदी आणायचा. मधली मोकळी जमीन आपलीच, हा मोर्सहेड यांचा हट्ट होता. माझ्या मते तोब्रुक टिकलं ते बव्हंशी या पायपिटीवर.

जर्मन रेडिओने त्यांना उंदीर म्हणून हिणवलं. पोरांनी ते नाव मिरवलं आणि पाडलेल्या जर्मन विमानाच्या पत्र्यातून उंदराची पदकंही कापली.

(दृश्य : काळोखा धक्का, विनाशिकांच्या सावल्या)

रसद यायची समुद्रातून, चंद्र नसलेल्या रात्री. ऑगस्टपासून त्याच जहाजांनी ऑस्ट्रेलियन तुकड्या बाहेर काढल्या जाऊ लागल्या. मायदेशातल्या सरकारने तसा आग्रहच धरला होता. त्यांच्या जागी पोलिश आणि ब्रिटिश सैनिक आले. तोवर नवव्या डिव्हिजनचे साडेसातशेच्या आसपास जवान कामी आले होते.

२/१३ची पाळी शेवटच्या फेरीत होती, २५ ऑक्टोबरला. पण त्यांना न्यायला निघालेल्या ताफ्यातलं ‘लॅटोना’ हे जहाज जर्मन विमानांनी वाटेतच बुडवलं आणि बाकीची जहाजं परत फिरली. सामान बांधून तयार बसलेली पलटण पुन्हा ठाण्यांवर गेली.

नोव्हेंबरअखेर वेढा फोडण्यासाठी मोठी चढाई झाली, तेव्हा एद दूदाच्या टेकडीवर याच पलटणीला पाठवलं गेलं. रात्री संगिनी लावून त्यांनी गमावलेली ठाणी परत घेतली आणि दीडशेच्या वर कैदी पकडले. डिसेंबरात वेढा उठला. इतर ऑस्ट्रेलियन पलटणी बोटीने गेल्या होत्या. २/१३ ट्रकांत बसून, वेढ्याबाहेरच्या रस्त्याने गेली.