बुटकी मेंढी आणि देशाचा विकास

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर "स्थानिक साधनसंपत्ती, उपयोजित संशोधन आणि राष्ट्रीय विकास" असा विषय छापलाय, तो आयोजकांचा. मला विचारलं असतं तर नुसतं "मेंढी" छापा म्हटलं असतं, पण मग तुम्ही आला नसतात. आलाच आहात तर ऐका. तीन मुद्दे कबूल केलेत, ते शेवटी सांगते, आधी मेंढी.

बंगालमधे सुंदरबनात गारोळ नावाची मेंढी असते. बुटकी, जेमतेम 15 किलोच्या आसपास, खाऱ्या चिखलात उभी राहून चरते. आपल्या दक्खनी मेंढीच्या शेजारी उभी केलीत तर वाटेल हिचंच कोकरू आहे. पण ही बाई एका वेताला दोन, कधी तीन कोकरं देते. आपली दक्खनी एक देते आणि वर्षभर त्याचाच तोरा मिरवते. (हसू नका, इथे एकुलत्या एक मुलांचे पालक बसलेत मला माहितीये.)

आता गंमत बघा. ऑस्ट्रेलियात बुरूला नावाच्या फार्मवर मेरिनो मेंढ्यांचा एक कळप होता, त्यांना भरमसाट जुळी तिळी व्हायची. तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने ते हाती घेतलं, वर्षानुवर्षं मोजमाप केलं, 1980च्या दशकात लक्षात आलं की हा एकाच मोठ्या जीनचा प्रताप आहे, आणि 2001 मधे तो नेमका बदल सापडला. बदल केवढा, तर एका अक्षराचा. त्याने बीजकोशात एकावेळी जास्त बीजं पिकतात, बास. आणि हा जीन बुरूलाला गेला कुठून? 1792-93 च्या सुमारास कलकत्त्याहून जहाजात घालून ज्या बंगाली मेंढ्या सिडनीला नेल्या त्यांच्यातून. गारोळमधे तोच बदल आहे हे 2002 मधे छापून आलं. म्हणजे सगळं जग मेरिनोचं रक्त तपासत होतं आणि मूळ मालकीण इकडे चिखलात चरत होती, तिला कोणी विचारलं नाही.

कोणी म्हणजे, फलटणकरांनी विचारलं. बनबिहारी निंबकरांनी 1968 मधे तिथे निंबकर कृषी संशोधन संस्था काढली (त्यांच्या पत्नी जाई निंबकर, म्हणजे इरावतीबाईंची मुलगी, म्हणजे आनंद कर्व्यांची बहीण, त्या घराण्यावर एक वेगळं व्याख्यान ठेवा, मी येते). तर नव्वदच्या दशकातच, जीनमधला तो नेमका बदल सापडायच्या आधीच, या लोकांनी गारोळ फलटणला आणली. पुढे चंदा निंबकरांनी ते काम चालवलं. गारोळचा जीन दक्खनीत आणायचा, पण तिचा बुटकेपणा आणायचा नाही. यासाठी संकर करून झालेली पिल्लं परत परत मोठ्या मेंढीशी जोडायची आणि दर पिढीत जीनवाली तेवढी निवडायची. आता माद्यांचं एकवेळ व्याल्यावर कळेल, नराचं कसं कळणार? त्याला काय पोरं होतात? त्याच्या मुली मोठ्या होऊन व्यायची वाट बघायची म्हणजे काही वर्षं गेलीच. तिथे पुण्याची एनसीएल, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मदतीला आली. थोडं रक्त काढा, डीएनए टेस्ट करा, कोकरू असतानाच कळतं कुठला मेंढा ठेवायचा. त्यातून नारी सुवर्णा ही जात झाली. जीनची एक प्रत असली की बऱ्याचदा जुळी. दोन प्रती असल्या की तिळ्यांची शक्यता वाढते आणि मग कोकरं अशक्त होतात, मरतात, म्हणून हाव धरायची नाही.

आता माझं रडगाणं, पाच मिनिटं. मी तालुक्याच्या कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवायचे. हे जुळ्यांचं ऐकून आमच्याकडे पावसाळ्यात येणाऱ्या धनगरांच्या एका फिरत्या वाड्यावर गेले. वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावलेली, आत मेंढ्या, घोड्याच्या पाठीवर भांडी, कोंबड्या आणि त्यातूनच डोकं काढलेली दोन कोकरं. तिथल्या म्हातारीला मोठ्या उत्साहाने सांगितलं की मावशी आता जुळी होणार. ती म्हणाली, "व्हतील की. दूध कोन दील? आन घोड्यावं किती घालू?"

पीएचडीच्या व्हायवात मला इतका चांगला प्रश्न कोणी विचारला नव्हता. म्हणून मी सरकारी ग्रँटसाठी प्रोजेक्ट लिहिला, चालत्या वाड्यावरच्या मेंढीला दूध किती येतं, दुसरं कोकरू जगवायला वरून काय चारावं लागेल, त्याला खर्च किती. लागणार काय, तर एक ताणकाटा, मापं आणि माझ्या स्कूटरचं पेट्रोल. फाईल परत आली. शेरा, "विषय स्थानिक स्वरूपाचा आहे." अहो मेंढी स्थानिकच असणार, ती काय दावोसला जाते? फोन केला तर तिथले साहेब प्रेमाने म्हणाले, मॅडम, इक्विपमेंटमधे काहीतरी भारी दाखवा ना, एवढ्या लहान रकमेचं कमिटीपुढे ठेवायला आम्हालाच कसंतरी वाटतं. तेव्हा आमच्याच लॅबमधे मागच्या ग्रँटमधून आलेलं एक परदेशी मशीन प्लॅस्टिकसकट उभं होतं, कारण त्याला लागणारा व्होल्टेज स्टॅबिलायझर बजेटमधे नव्हता. त्यावर शिपाई डबा ठेवायचा. राष्ट्रीय विकास!

चिठ्ठी आली, सात मिनिटं उरलीत. बरं, तीन मुद्दे, पटापट.

पहिला, स्थानिक वस्तू बाहेरच्या पुस्तकात बसत नाही म्हणून टाकाऊ ठरवायची नाही. म्हशीच्या दुधाची पावडर होत नाही असं परदेशी तज्ज्ञ सांगत होते, आणंदला अमूलच्या दलायांनी ती करून दाखवली आणि 1955 मधे कारखाना उभा राहिला. गायीच्या दुधाचा नियम म्हशीला का लावायचा?

दुसरा, वेळ. मेंढीची एक पिढी म्हणजे दीड दोन वर्षं, आणि आपली ग्रँट साधारण तीन वर्षांची. जात तयार करायला किती पिढ्या लागतात ते तुम्हीच मोजा. फलटणचं काम झालं कारण माणसं तिथेच राहिली आणि पैसा कुठून ना कुठून, ऑस्ट्रेलियाकडूनसुद्धा, येत राहिला.

तिसरा, जो खरं तर पहिला घ्यायला हवा होता, की यश कुणाच्या मापाने मोजायचं. रिसर्च पेपरात जन्मलेली कोकरं मोजतात, मावशी विकायला उरलेली मोजते. मधली जी मेली त्यांचा चारा, दूध, मेहनत तिच्या खिशातून जाते. म्हणून वाण देताना सोबत खुराकाचा आणि लसीचा हिशोब द्यायला पाहिजे, आणि तो वाड्यावर जाऊन काढलेला पाहिजे, फार्मवरचा नको. लोकरीचं राहिलंच, दक्खनीची जाडीभरडी लोकर आज कातरायची मजुरीसुद्धा सोडवत नाही, त्यावर कुणी टेक्स्टाईलवाले बसले असतील तर चहाच्या वेळी मला भेटा, माझ्या गाडीत एक पोतं आहे, घेऊन जा.